पीटर एलिस : गगनचुंबी युगाच्या उंबरठ्यावरील उपेक्षित वास्तुविशारद

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लिव्हरपूल शहरात नगरसभागृहापासून मर्सी नदीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्याचे नाव वॉटर स्ट्रीट. या रस्त्यावर ओरियल चेंबर्स नावाची पाच मजली इमारत उभी आहे. तिची उंची आज कोणाच्या नजरेत भरणारी नाही. आजूबाजूला तिच्याहून कितीतरी उंच इमारती आहेत. तरीही जगभरातील वास्तुशास्त्राचे अभ्यासक ती पाहण्यासाठी येतात, कारण आजच्या काचेच्या उत्तुंग इमारतींमागील मूलभूत विचार १८६४ मध्येच या इमारतीत प्रत्यक्ष उतरला होता. भार लोखंडी सांगाड्याने पेलावा आणि भिंतीने केवळ ऊन-पावसापासून आडोसा द्यावा, हा तो विचार. ही इमारत रचणारे पीटर एलिस यांच्या वाट्याला मात्र हयातीत उपहास आला आणि मृत्यूनंतर अनेक दशके विस्मरण आले.

एलिस यांचा जन्म १८०५ चा. त्याच वर्षी ट्रॅफल्गारची लढाई झाली आणि ब्रिटनचे समुद्रावरील वर्चस्व निर्विवाद ठरले. या वर्चस्वाचा मोठा लाभ ज्या शहरांना झाला, त्यांत लिव्हरपूलचे स्थान वरचे होते. १७१५ मध्ये या शहरात उघडलेली बंदिस्त गोदी ही जगातील पहिली व्यापारी गोदी मानली जाते. भरती-ओहोटीमुळे मर्सीच्या पाण्याची पातळी सतत बदलत असे. दरवाजे बंद करून आतील पाणी स्थिर ठेवणाऱ्या या गोदीमुळे जहाजांतील माल निर्धास्तपणे उतरवता येऊ लागला. अठराव्या शतकातील या भरभराटीत गुलामांच्या व्यापाराचा वाटा फार मोठा होता. एलिस दोन वर्षांचे असताना, १८०७ मध्ये, ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला. त्यानंतर शहराचे अर्थकारण अधिकाधिक कापसाभोवती फिरू लागले; आणि तो कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांत गुलामांच्याच श्रमांवर पिकत होता. १८०१ मध्ये सुमारे ७७ हजार लोकवस्ती असलेल्या लिव्हरपूलने १८६१ पर्यंत चार लाखांचा आकडा ओलांडला. १८३० मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली आणि बंदरातील कापूस थेट गिरण्यांच्या दारात पोहोचू लागला.

वाढत्या बंदराबरोबर बांधकामाची विद्याही बदलत होती. लिव्हरपूलच्या परिसरात ओतीव लोखंडाचा वापर फार लवकर सुरू झाला. एलिस लहान असताना, १८१३ ते १८१५ च्या सुमारास, जॉन क्रॅग या लोखंड ओतणाऱ्या कारखानदाराने वास्तुविशारद थॉमस रिकमन यांच्या साहाय्याने शहरात अशी चर्चे उभारली, ज्यांच्या आतील खांब आणि कमानी लोखंडाच्या होत्या. पुढे १८४२ मध्ये गोदींजवळील वखारींना मोठी आग लागून प्रचंड हानी झाली आणि लाकडी तुळयांचा धोका सर्वांच्या ध्यानी आला. गोदी-अभियंता जेसी हार्टली यांनी उभारलेल्या आणि १८४६ मध्ये उघडलेल्या आल्बर्ट डॉकच्या वखारींत विटा, दगड आणि लोखंड यांचाच वापर करण्यात आला. रचनेचा भार लाकडावर टाकलाच नाही. नदीकाठच्या या वखारी आजही भक्कम उभ्या आहेत.

मात्र या दोन जगांत एक अदृश्य भिंत होती. वखार, गिरणी, पूल आणि रेल्वे स्थानक ही अभियंत्यांची कामे मानली जात. तेथे लोखंड उघडे दिसले तरी चालत असे. बँक, कार्यालय, सभागृह ही वास्तुविशारदांची कामे. तेथे ग्रीक खांब, रोमन कमानी किंवा गॉथिक कळस यांची अपेक्षा असे. १८५४ मध्ये लिव्हरपुलात उघडलेले सेंट जॉर्जेस हॉल हे अभिजात शैलीतील भव्य सभागृह या अभिरुचीचा आदर्श मानले जात होते. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी काच आणि लोखंड यांचा क्रिस्टल पॅलेस उभारला, तेव्हा लोक थक्क झाले खरे. परंतु तो तात्पुरता मंडप होता. व्यापारी पेठेतील कायमस्वरूपी इमारत तशी बांधावी, असे प्रतिष्ठित मंडळींच्या मनातही आले नाही.

एलिस यांनी नेमके तेच केले. विशेष म्हणजे ते तेव्हा बंडखोर तरुण नव्हते. ओरियल चेंबर्स पूर्ण झाली त्या वर्षी ते एकोणसाठीत होते. इमारतींचे आराखडे करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. या वयात माणूस आपल्या हातखंड्याच्या वाटेनेच जाणे पसंत करतो. पण एलिस यांनी व्यवसायाची चौकट ओलांडण्यासाठी हेच वय निवडले.

यामागे एक अगदी व्यावहारिक गरज होती. ती गरज म्हणजे उजेड. वॉटर स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर जहाज कंपन्या, विमेदार, व्यापारी आणि दलाल यांची कार्यालये दाटीवाटीने वसली होती. जागेचे भाव वाढत होते आणि रस्ते अरुंद होते. कारकून दिवसभर खतावण्यांवर वाकून बारीक अक्षरांत नोंदी करीत. कापसाची प्रत ठरवणाऱ्या जाणकारांना रुईचा रंग, स्वच्छता आणि तंतूंची लांबी नैसर्गिक उजेडातच नीट पारखता येई. विजेचे दिवे अद्याप दूर होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील हिवाळ्यात दुपारीच अंधारून येई आणि कोळशाच्या धुराने आकाश कायम मळलेले असे. दगडी भिंतीत खिडकी जितकी मोठी करावी, तितकी भिंत दुबळी होते. मजले जितके वाढवावेत, तितकी खालची भिंत जाड आणि खिडकी लहान करावी लागते. उंची हवी की उजेड, असा हा पेच होता.

काळ मात्र काचेला अनुकूल झाला होता. ब्रिटनमध्ये १८४५ मध्ये काचेवरील उत्पादन कर रद्द झाला आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरील करही उठला. मोठ्या आकाराची सपाट काच पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळू लागली. लोखंड शहरातच ओतले जात होते. या दोहोंना एकत्र आणून कार्यालयाची इमारत रचण्याचे धाडस तेवढे बाकी होते.

या उजेडाशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लिव्हरपूलला येणारा अमेरिकी कापूस जवळजवळ आटला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, कामगारांची उपासमार झाली. लिव्हरपूलच्या दलालांनी तेव्हा मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातेतील कापसाच्या गासड्या मुंबई बंदरातून मोठ्या प्रमाणावर लिव्हरपूलला जाऊ लागल्या. पश्चिम भारतातील या आखूड धाग्याच्या कापसाला तिकडे सरसकट सुरत या नावाने ओळखले जाई. या तेजीने मुंबईत अमाप पैसा ओतला, शेअरबाजाराचे वेड निर्माण केले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेकांचे दिवाळेही काढले. ओरियल चेंबर्स उभी राहिली ती या घडामोडी ऐन भरात असताना.

इमारतीची रचना आजही तिचे वेगळेपण स्पष्ट सांगते. आत ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया यांचा सांगाडा आहे. तुळयांच्या दरम्यान विटांच्या उथळ कमानी बांधून त्यांवर मजले घातले आहेत, त्यामुळे आगीला सहज वाव मिळत नाही. रस्त्याच्या बाजूस दगडाचे सडपातळ उभे पट्टे खालपासून वरपर्यंत जातात आणि त्यांच्या मधोमध, प्रत्येक मजल्यावर, काचेचे झरोके भिंतीच्या रेषेबाहेर डोकावतात. अशा पुढे आलेल्या झरोक्याला इंग्रजीत ओरियल म्हणतात. त्यावरूनच इमारतीचे नाव पडले. झरोका पुढे आल्यामुळे समोरूनच नव्हे, तर दोन्ही बाजूंनी आणि वरच्या उतरत्या काचेतूनही उजेड आत शिरतो. खोलीतील कारकुनाच्या मेजापर्यंत आकाश पोहोचवण्याची ही युक्ती होती. दगडी पट्ट्यांवरील नक्षी आणि माथ्यावरील टोकदार शिखरे गॉथिक परंपरेची आठवण करून देतात. एलिस यांनी परंपरेशी नाते पूर्णपणे तोडले नव्हते.

खरी क्रांती मात्र मागील चौकात घडली. रस्त्यावरून न दिसणाऱ्या या बाजूला एलिस यांनी सजावटीचा आग्रह सोडला. लोखंडी खांबांची ओळ आत ठेवून त्यांनी मजल्यांच्या कडा खांबांच्या पुढे नेल्या आणि त्यांच्यावर काचेचे आवरण चढवले. येथे बाहेरचा पृष्ठभाग स्वतःपलीकडे कसलाही भार पेलत नाही. खिडकी भिंतीत बसवलेली नाही. खिडकी हीच भिंत झाली आहे. वास्तुशास्त्रात पुढे ज्याला पडदाभिंत म्हटले जाऊ लागले, तिचे हे जगातील अगदी आरंभीचे उदाहरण होय. मुंबई, पुणे, बंगळूर किंवा गुरुग्राम येथील काचेने मढवलेल्या कोणत्याही कार्यालयीन मनोऱ्याची रचना मुळात याच तत्त्वावर उभी असते.

समकालीनांना हे पटले नाही. लंडनहून प्रसिद्ध होणाऱ्या आणि व्यवसायात दबदबा असलेल्या द बिल्डर या नियतकालिकाने १८६६ मध्ये या इमारतीची कठोर शब्दांत खिल्ली उडवली. बाहेर फुगून आलेल्या काचेच्या बुडबुड्यांचा हा ढीग आहे, अशा आशयाची ती टीका होती. अभिरुचीचा निकष त्या काळी वजनाशी बांधलेला होता. इमारत भक्कम असेल तर ती भक्कम दिसलीही पाहिजे, तिच्या भिंतीत दगडाची जाडी जाणवली पाहिजे, अशी समजूत होती. काचेमागे उभा असलेला लोखंडी सांगाडा कितीही मजबूत असला, तरी डोळ्यांना ती इमारत पोकळ आणि म्हणून अप्रतिष्ठित वाटत होती.

एलिस यांनी तरीही त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. वॉटर स्ट्रीटपासून जवळच, कुक स्ट्रीटवरील सोळा क्रमांकाची इमारत त्यांनी रचली. ती १८६६ च्या सुमारास पूर्ण झाली. तिचा दर्शनी भाग अरुंद असून दगडाच्या उंच चौकटींत काचेचे मोठाले पट बसवलेले आहेत. या इमारतीचेही रहस्य मागील चौकात दडलेले आहे. तेथे एक गोल जिना काच आणि लोखंड यांच्या आवरणात गुंडाळलेला, इमारतीच्या अंगाबाहेर झुलत्यासारखा वर चढत जातो. जिना बाहेर काढल्यामुळे आतली जागा वाचली आणि काचेमुळे चढणाऱ्याला उजेडही मिळाला. तो पाहताना हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे, यावर सहजी विश्वास बसत नाही.

कुक स्ट्रीटनंतर एलिस यांनी वास्तुविशारद म्हणून अशी नाव घेण्याजोगी इमारत उभारली नाही. शहराच्या व्यावसायिक नामसूचींत ते पुढे स्थापत्य अभियंता म्हणून नोंदले जाऊ लागले. यावरून, टीकेने खचून त्यांनी वास्तुरचनेचा त्याग केला, अशी हकिगत दीर्घकाळ सांगितली जात असे. अलीकडील संशोधनाने या हकिगतीला मुरड घातली आहे. एलिस पुढेही व्यवसायात कार्यरत होते आणि त्यांची कल्पकता आटली नव्हती, असे त्यातून दिसते. तरीही दोन इमारतींनी उघडलेली वाट तेथेच थांबली, हे सत्य उरतेच. नव्या रचनेला पुढचा आश्रयदाता मिळाला नाही, आणि आश्रयदात्याविना वास्तुविशारदाची कल्पना कागदावरच राहते. चित्रकाराला नाकारले तरी तो पुढचे चित्र रंगवू शकतो. वास्तुविशारदाच्या बाबतीत ते शक्य नसते.

त्यांच्या अभियांत्रिकी बुद्धीची साक्ष देणारी एक गोष्ट मात्र नोंदली गेली आहे. इमारत उंच करायची तर माणसाला वर नेण्याची सोय हवी. अमेरिकेत एलिशा ओटिस यांनी दोर तुटला तरी न कोसळणारा पाळणा १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखवला होता आणि १८५७ मध्ये तेथील एका दुकानात प्रवासी लिफ्ट बसली होती. एलिस यांनी वेगळाच मार्ग शोधला. विहिरीवरील रहाटगाडग्यात जशी पोहऱ्यांची माळ न थांबता फिरत राहते, एका बाजूने वर येते आणि दुसऱ्या बाजूने खाली जाते, तसे छोट्या खोल्यांचे अखंड फिरते चक्र त्यांनी कल्पिले. या यंत्रणेचा एकाधिकार त्यांनी १८६६ मध्ये मिळवला आणि १८६८ मध्ये ती ओरियल चेंबर्समध्ये बसवली गेली. संथ गतीने सरकणाऱ्या उघड्या खोलीत पाऊल टाकायचे आणि आपला मजला येताच बाहेर पडायचे, अशी ही सोय. पुढे या प्रकारच्या लिफ्टला प्रार्थनेच्या जपमाळेवरून पॅटरनॉस्टर हे नाव मिळाले आणि विसाव्या शतकात ती युरोपातील अनेक कार्यालयांत दिसू लागली. तिच्या इतिहासात एलिस यांचे नाव बराच काळ कोणी घेत नसे.

लोखंडी सांगाडा, काचेची पडदाभिंत आणि यांत्रिक चढ-उतार ही गगनचुंबी इमारतीची तीन अंगे एकाच माणसाने एकाच इमारतीत एकत्र आणली, ही बाब असाधारण आहे. उणीव होती ती फक्त उंचीची. ती उंची जगाने पाहिली अटलांटिकच्या पलीकडे, शिकागोत. या दोन शहरांना जोडणारा दुवा म्हणून इतिहासकार जॉन वेलबर्न रूट यांच्याकडे बोट दाखवतात.

रूट यांचा जन्म १८५० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाला. वडील अटलांटा येथील व्यापारी. यादवी युद्धात १८६४ मध्ये अटलांटा शहर वेढ्यात सापडले, तेव्हा चौदा वर्षांच्या जॉनला नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजातून लिव्हरपूलला पाठवण्यात आले. मर्सीच्या पलीकडील वॉलसी येथील शाळेत त्याने शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये तो मायदेशी परतला. ओरियल चेंबर्स नवी कोरी होती आणि कुक स्ट्रीटची इमारत वर चढत होती, नेमका तोच हा काळ. न्यूयॉर्क येथे अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून रूट १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागोला गेले आणि १८७३ मध्ये डॅनियल बर्नहॅम यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. शिकागोच्या मऊ मातीवर दहा मजल्यांची माँटॉक इमारत उभी करताना त्यांनी काँक्रीटमध्ये पोलादी रुळांची आडवी-उभी जाळी घालून पाया रुंद केला. १८८८ च्या रूकरी इमारतीतील मधला उजेडाचा चौक आणि तेथील बाहेर झेपावणारा गोल जिना पाहिला की कुक स्ट्रीटच्या जिन्याची आठवण अभ्यासकांना होते. रूट यांनी एलिस यांचे ऋण लेखी मान्य केलेले नाही. त्यामुळे हे नाते अनुमानाचे आहे. परंतु ज्याच्या मनात इमारतींचे आकर्षण रुजत होते, असा किशोरवयीन मुलगा त्या रस्त्यांवरून हिंडला असेल आणि त्याने वर मान करून पाहिले असेल, हे अनुमान असंभाव्य म्हणता येत नाही.

जुन्या पद्धतीची मर्यादा रूट यांच्याच दुसऱ्या एका कामात दिसते. शिकागोतील सोळा मजली मोनॅडनॉक इमारत भारवाही विटांच्या भिंतींवर उभी आहे आणि तळाशी त्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत. तळमजल्यावरील मोलाची जागा भिंतच खाऊन टाकते. त्यापलीकडे वर जायचे तर सांगाडाच हवा, हे तेथे सिद्ध झाले. ती इमारत पूर्ण झाली त्याच १८९१ या वर्षाच्या आरंभी रूट यांचे अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी निधन झाले.

एलिस त्याआधीच, १८८४ मध्ये निवर्तले होते. गगनचुंबी इमारतींची पहिली प्रतिनिधी म्हणून पाठ्यपुस्तकांत गाजलेली शिकागोची होम इन्शुरन्स इमारत पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, पूर्ण झाली. आपण वीस वर्षांपूर्वी मांडलेला विचार आता दुसऱ्या खंडात युग घडवणार आहे, हे एलिस यांना कळण्याची संधी मिळाली नाही.

मृत्यूनंतरही मत पालटण्यास वेळ लागला. लिव्हरपूल विद्यापीठातील वास्तुकला विभागाचे प्रभावी प्रमुख चार्ल्स रायली यांनी १९२१ मध्ये शहरातील इमारतींवर लिहिताना ओरियल चेंबर्सची तर्कशुद्धता मान्य केली, पण तिचे रूप त्यांना रुचले नाही. मे १९४१ मध्ये जर्मन विमानांनी लिव्हरपूलवर सलग सात रात्री बॉम्बवर्षाव केला. त्यात ओरियल चेंबर्सचा एक भाग उद्ध्वस्त झाला. दगड आणि काच गळून पडली आणि आतला लोखंडी सांगाडा उघडा पडला. तोवर जे केवळ दर्शनी रूपावरून निवाडा करीत होते, त्यांना ही इमारत मुळात काय आहे हे प्रथमच दिसले. विनाशाने केलेला हा उलगडा होता.

युद्धानंतर आधुनिक वास्तुकलेची मुळे शोधणाऱ्या अभ्यासकांनी एलिस यांना पुन्हा प्रकाशात आणले. लिव्हरपूलचे वास्तु-इतिहासकार क्वेंटिन ह्यूज यांनी १९६४ मध्ये या बंदराच्या वास्तुवैभवावर ग्रंथ लिहिला आणि एलिस यांच्या कार्याचा आग्रहाने पुरस्कार केला. इंग्लंडच्या वास्तूंची जिल्हावार नोंद करणारे निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९६९ च्या आपल्या खंडात ओरियल चेंबर्सची गणना त्या काळातील युरोपातील अत्यंत लक्षणीय इमारतींत केली. उद्ध्वस्त भागाच्या जागी तोवर नवी जोड-इमारत उभी राहिली होती. जुन्याची नक्कल न करता तिने जुन्याचाच उभा ताल पुढे नेला. आज ओरियल चेंबर्सला इंग्लंडमधील वारसा-संरक्षणाचा सर्वोच्च, म्हणजे प्रथम श्रेणीचा दर्जा आहे.

लिव्हरपूलची उंचीकडील वाटचाल एलिस यांच्यानंतर थांबली नाही. १९११ मध्ये नदीकाठी उघडलेली रॉयल लिव्हर इमारत तब्बल ९८ मीटर उंच होती. वॉल्टर ऑब्रे थॉमस यांनी रचलेली ही इमारत लोखंडी सळ्यांनी बळकट केलेल्या काँक्रीटची असून अशा मोठ्या वास्तूंपैकी ती जगातील आरंभीची होय. तिच्या मनोऱ्यांवरील दोन तांब्याचे पक्षी शहराचे प्रतीक ठरले. ते घडवणारे कार्ल बर्नार्ड बार्टेल्स हे जर्मनीहून आलेले कारागीर होते. पहिल्या महायुद्धात त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि नंतर जर्मनीला पाठवून देण्यात आले. शहराने आपल्या निर्मात्याशी कसे वागावे, हा प्रश्न लिव्हरपूलमध्ये एलिस यांच्यापुरता मर्यादित नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोद्या ओस पडल्या, लोकसंख्या घटली आणि शहर विपन्नावस्थेत गेले. एकविसाव्या शतकात पुनरुज्जीवनाबरोबर उंच इमारती परतल्या. २००८ मध्ये पूर्ण झालेला चाळीस मजली वेस्ट टॉवर १४० मीटर उंच आहे. दरम्यान, २००४ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या सागरी व्यापारी शहराला जागतिक वारसास्थळ घोषित केले होते. त्यात गोद्यांबरोबरच जुन्या व्यापारी पेठेचाही समावेश होता. उत्तरेकडील गोद्यांच्या परिसरात उंच मनोरे आणि नवी वस्ती उभारण्याची लिव्हरपूल वॉटर्स ही भव्य योजना पुढे आली, तेव्हा २०१२ मध्ये या स्थळाची नोंद धोक्यातील वारशाच्या यादीत झाली. ब्रॅमली-मूर गोदीवर फुटबॉलचे नवे क्रीडांगण बांधण्याच्या निर्णयानंतर जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलचे नाव यादीतून वगळण्यात आले. ओमानमधील हरिणांचे अभयारण्य आणि जर्मनीतील ड्रेस्डेनची एल्ब नदीची दरी यांच्यानंतर हा दर्जा पूर्णपणे गमावणारे ते जगातील तिसरे स्थळ ठरले.

या वादात दोन्ही बाजूंना एलिस यांचे उदाहरण देता येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विकासाचे समर्थक म्हणू शकतात की, आज ज्या इमारतीला वारसा म्हणून जपले जाते, तिला एकेकाळी शहराचे विद्रूपीकरण मानले गेले होते. त्यामुळे नव्याला विरोध करताना सावध राहावे. संरक्षणाचे पुरस्कर्ते म्हणू शकतात की, ओरियल चेंबर्स १९४१ पूर्वी कोणी पाडली असती, तर तिचे महत्त्व जगाला कधीच कळले नसते. म्हणून जुने पाडताना अधिक सावध राहावे. मात्र एलिस यांची नवीनता केवळ वेगळे दिसण्यासाठी नव्हती. अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून काम करणाऱ्या माणसाला उजेड द्यावा, आगीपासून इमारत वाचावी आणि महाग जमिनीचा नीट उपयोग व्हावा, या गरजांतून ती उगवली होती. शिवाय रस्त्याची रेषा आणि शेजारच्या इमारतींची उंची त्यांनी मोडली नाही. कोणत्याही नव्या मनोऱ्याकडे पाहताना ही कसोटी लावता येते : तो आतल्या आणि भोवतालच्या माणसांना काय देतो?

हा प्रश्न मुंबईलाही परका नाही. ज्या कापसाने लिव्हरपूलची पेठ फुलवली, त्याच कापसाच्या पैशातून प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीवर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. आणि लिव्हरपूलच्या टेकडीवरील महाकाय कॅथीड्रलचे वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे त्यांचेच नातू. राजाबाई टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, काळा घोडा येथे, पूर्वीचे वॉटसन हॉटेल उभे आहे. ओरियल चेंबर्सनंतर काही वर्षांतच उभारलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईला आणला गेला. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंच्या चलतचित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या या वास्तूचा सज्जाचा काही भाग २००५ मध्ये कोसळला. तिचे मोल जाणणाऱ्यांना ती वाचवण्यासाठी प्रदीर्घ धडपड करावी लागली आहे.

पीटर एलिस यांनी मागे मोठा वारसा ठेवला नाही, ग्रंथ लिहिला नाही, शिष्यपरंपरा निर्माण केली नाही. त्यांच्या नावावर प्रामुख्याने दोनच इमारती सांगितल्या जातात आणि त्या एकमेकींपासून काही मिनिटांच्या पायवाटेवर आहेत. दोन्ही आजही उभ्या आहेत. वॉटर स्ट्रीटवरच्या झरोक्यांतून मर्सीवरील ढगाळ आकाशाचा उजेड आजही, दीडशेहून अधिक वर्षांनंतर, आतल्या मेजांपर्यंत पोहोचतो.